तगाद्याची वही

आमच्या पिढीने नोकरी धरली तेव्हा तगादा लावणं हे माणसाचं काम होतं. नोकरी सोडली तेव्हा ते एका बॅकग्राउंड जॉबचं काम झालं होतं. पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांत खरेदी, स्टोअर्स, हिशेब नाहीतर ईडीपी म्हणजे संगणकाच्या खात्यात ज्यांनी ऐंशीच्या दशकात टेबल सांभाळायला घेतलं, त्यांनी हा सगळा बदल एकाच नोकरीत पाहिला. म्हणून जुनं बरं की नवं बरं असं कोणी विचारलं, की आम्हाला चटकन उत्तर देता येत नाही. मन एका बाजूला ओढतं आणि आठवण, नीट तपासली तर, दुसऱ्या बाजूला.

खरेदी खात्यात एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही असे. फॉलोअप रजिस्टर हे तिचं कागदोपत्री नाव. सगळे तिला तगाद्याची वही म्हणत. पानांवर हाताने आखलेले रकाने: इंडेंट म्हणजे मागणीपत्राचा नंबर, तारीख, कोणाकडे गेला, कधी यायला हवा, शेरा. सकाळी आल्याआल्या, चहा यायच्या आत, ती उघडायची आणि ज्यांचे कागद आज यायला हवेत त्यांच्यापुढे लाल पेन्सिलीने टिंब करायचं. टिंबांची यादी चिठ्ठीवर उतरायची आणि चिठ्ठी शिपाईमामांच्या हातात जायची. मामा सगळ्या खात्यांतून फिरून अकराच्या सुमारास परत येत. येताना काही कागद आणत, काही नुसत्या बातम्या आणत. इंडेंट साहेबांच्या टेबलावरच आहे, पण साहेब सकाळपासून शॉपवर उतरलेत, सही चारनंतर. तुलनात्मक तक्त्यात तिसऱ्या पार्टीचा दर भरलेला नाही, म्हणून हिशेबवाल्यांनी बाजूला काढलाय. फाइल कोणी दाबलेली नाही, तिच्यावर बजेटचा गठ्ठा येऊन बसलाय. ह्या बातम्या मग शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात चढत. वर्षाअखेरीला त्या एका रकान्यात कारखान्याचा सगळा स्वभाव उतरलेला असे: कोण सोमवारी सही करत नाही, कोणाला आकड्यातली रक्कम अक्षरातही लिहिलेली लागते, कोणापुढे कागद स्वतः नेऊन ठेवल्याशिवाय तो हलत नाही.

आता कागद नाही, वर्क आयटम आहे. खरेदीची मागणी सिस्टिममध्ये नोंदली की वर्कफ्लो सुरू होतो आणि आयटम मंजुरी देणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये जातो. तो तिथे किती वेळ राहू शकेल हे आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे सॅप हे सॉफ्टवेअर आलं. त्याच्या वर्कफ्लोमध्ये एकेका पायरीला चार मुदती लावता येतात: काम सुरू व्हावं अशी वेळ, सुरू व्हायलाच हवं अशी शेवटची वेळ, आणि काम संपण्याच्याही तशाच दोन. मुदत टळली तर कोणाला कळवायचं, वरच्या साहेबांपर्यंत न्यायचं का, हेही तिथेच मांडायचं. पण नुसती मुदत लिहून काहीच घडत नाही. ती टळली आहे हे कोणीतरी पाहावं लागतं, आणि पाहण्यासाठी ठराविक वेळाने मागच्या मागे धावणारा जॉब लावावा लागतो.

तो लावण्याचं काम आमच्यातल्या काहींच्या वाट्याला आलं आणि आम्ही ते मन लावून शिकलो. एसडब्ल्यूयू३ नावाचा पडदा उघडायचा. त्यावर वर्कफ्लो चालायला जे जे लागतं त्याची यादी असते. झालेल्या कामापुढे हिरवी खूण, राहिलेल्या कामापुढे लाल फुली. मुदतींवर नजर ठेवणारा जॉब, चुकीमुळे अडकलेल्या आयटमना पुन्हा चालवून पाहणारा जॉब, थांबलेल्या आयटमच्या अटी पूर्ण झाल्या का ते तपासणारा जॉब, जुन्या नोंदी साफ करणारा जॉब. एकेक फुली हिरवी होताना समाधान वाटायचं, ते अजून आठवतं.

खरा विचार करावा लागायचा तो एकाच प्रश्नावर: किती वेळाने धावायचं? दर तीन मिनिटांनी धावणारा जॉब दिवसातून ४८० फेऱ्या मारतो. ज्या कारखान्यात दिवसाला पाचपंचवीस मुदती टळतात तिथे ह्यातल्या बहुतेक फेऱ्या रिकाम्या जातात, आणि रिकामी फेरीसुद्धा मशीनवर भार टाकतेच. फेरी तासावर नेली तर सकाळी दहाला टळलेली मुदत अकराला कळते. दुसराही मार्ग आहे: ठराविक फेऱ्या नकोत, ज्या त्या मुदतीला जॉबने आपणहून उठावं. मुदती थोड्या असतील तर हे बरं, फार झाल्या तर जॉबांचीच गर्दी होते. ह्यावर आमच्या दुपारच्या दुपारी गेल्या. मामांच्या फेरीबद्दल असा विचार कधी कोणी केला नव्हता. ते दिवसातून एकदा निघत आणि कोण कशासाठी थांबलं आहे ते सांगत. जॉब ४८० वेळा निघतो आणि कोण थांबलं आहे एवढंच सांगतो.

हे वाक्य लिहिताना मन सुखावतं, म्हणूनच त्यावर विसंबणं बरं नाही. ती वही सगळ्यांसाठी उघडत नव्हती.

भोसरीच्या शेडमध्ये दोन लेथ टाकून बसलेला एखादा जॉबवर्कवाला आठवून पाहावा. त्याचं बिल हिशेब खात्यात पडून असे. आमच्या वहीत आम्हाला हवे असलेले कागद होते. त्याला हवा असलेला चेक तिच्यात नव्हता. त्याचा तगादा त्यालाच लावावा लागे. तो शनिवारी दुपारी यायचा, टाइम ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचा, आत निरोप पाठवायचा. आज साहेब नाहीत, असा उलटा निरोप यायचा. फार वेळा आला तर मागे लागतो म्हणून नाव खराब व्हायचं, पुढची ऑर्डर जायची. कागदावर वजन ठेवल्याशिवाय तो हलत नाही, ही म्हण त्या काळातच रुळलेली होती आणि ती कोणी गंमत म्हणून रुळवली नव्हती. मामांच्या बातम्याही सगळ्यांना सारख्या मिळत नसत. ज्यांच्याशी त्यांचं बरं होतं त्यांना आधी, बाकीच्यांना मग.

आज त्याच माणसाचं बिल सिस्टिममध्ये चढलं की त्यालाही मोठ्या कंपनीच्या बिलाइतकीच मुदत लागते. २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला लावले. पण ४५ दिवस मोजणारं कोणी नसेल तर कायदा पुस्तकात राहतो. बॅकग्राउंड जॉब ते मोजतो. चाळिसाव्या दिवशी हिशेब खात्याला, त्रेचाळिसाव्या दिवशी त्यांच्या वरिष्ठांना निरोप जाईल असं मांडून ठेवलं, की तो जातो. बिल कोणाचं आहे हे जॉब विचारत नाही. बाकावर बसून घालवलेले त्या माणसाचे शनिवार आता त्याच्या लेथवर जात असतील, तर आमच्या लाल पेन्सिलीसाठी हळहळण्याआधी ते मनात धरायला हवं.

सरकारी कचेऱ्यांत तगाद्याची हीच गोष्ट अधिक शिस्तीने मांडलेली होती. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत सहा गठ्ठा पद्धत आहे: टेबलावरची चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायची ‘ड’ वर्गातली. ह्यातला दुसरा गठ्ठा म्हणजे आमची तगाद्याची वहीच. दुसऱ्या कोणाच्या तरी उत्तरासाठी थांबलेले सगळे कागद त्यात, आणि अधूनमधून तो गठ्ठा सोडून स्मरणपत्रं काढायची. कार्यविवरण नोंदवहीचा साप्ताहिक गोषवारा काढायचा: मागील शिल्लक किती, नवीन किती, निकाली किती, आता शिल्लक किती. लिपिकाने काढायचा, वरिष्ठाने तपासून सही करायची. ज्यांनी तो प्रामाणिकपणे काढला त्यांना आपल्या टेबलाची नाडी कळत असे. ज्यांनी मागच्या आठवड्याच्या आकड्यांत फेरफार करून उतरवला, त्यांचीही संख्या थोडी नव्हती. पद्धत चांगली होती आणि तरीही २००५ साली बदल्यांबरोबरच विलंबाला आळा घालणारा कायदा करावा लागला, साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून जास्त राहू नये असं त्यात लिहावं लागलं. दहा वर्षांनी, २०१५ साली, लोकसेवा हक्काचा कायदा आला आणि दाखल्यांना जाहीर मुदती लागल्या. गठ्ठ्यांनी काम भागलं असतं तर हे दोन्ही कायदे लागले नसते.

ईडीपीतल्या लोकांच्या आठवणी वेगळ्या आहेत. त्यांच्याकडे कागदाला नव्हे, मशीनला राखण लागे. मशीन रूममध्ये चपला-बूट बाहेर काढून जायचं, आत थंडी म्हणून उन्हाळ्यातही स्वेटर खुर्चीला अडकवलेला. पगाराची रन रात्रीच लागे, कारण दिवसा मशीन लोकांचं असे आणि रात्री हिशेबाचं. पाळीवरचा ऑपरेटर कन्सोलसमोर बसून असे, पण खरं काम कानांचं होतं. टेप ड्राइव्ह एकसुरात फिरते आहे की अडखळते आहे, लाइन प्रिंटर १३२ रकान्यांच्या ओळी नेहमीच्या लयीत ठोकतो आहे की कागद एका बाजूने ओढला जातो आहे, हे त्याला पाठमोरं बसूनही कळे. लॉगबुकात वेळ घालून नोंद व्हायची: दोन वाजून दहा मिनिटं, टेप वाचताना एरर, दुसऱ्या ड्राइव्हवर घेतली, चालू. सकाळी पाळी बदलताना जाणारा आणि येणारा लॉगबुकावर एकत्र वाकून उभे राहत. जाणारा बोटाने ओळ दाखवायचा, येणारा एखादा प्रश्न विचारायचा, मग दोघांच्या सह्या. त्या पाच मिनिटांत जे सांगितलं जायचं त्यातलं निम्मं वहीत लिहिलेलं नसे: प्रिंटरची रिबन आज संध्याकाळपर्यंतच टिकेल, तिसरी टेप आता बदलून टाका, पगाराच्या रनला हात लावायच्या आधी हिशेबवाल्यांना फोन करा. वापरून झालेला पाठकोरा कागद घरी जायचा. आमच्या मुलांची पहिली चित्रं कोणाकोणाच्या पगारपत्रकांच्या मागे काढलेली आहेत.

नव्वदच्या दशकात युनिक्सचे सर्व्हर आले आणि रात्रीची कामं क्रॉनकडे गेली. पाच रकान्यांची एक ओळ: मिनिट, तास, तारीख, महिना, वार, तिच्यापुढे काय चालवायचं ते. ती ओळ लिहिली की रात्री कोणी जागायची गरज उरली नाही. पुढे सॅपच्या एसएम३७ पडद्यावर रात्रीच्या सगळ्या जॉबांची यादी सकाळी एका नजरेत दिसू लागली: कोणते ठरलेले, कोणते सोडलेले, कोणते चालू, कोणते पूर्ण, कोणते रद्द. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी रद्द पडलेला जॉब सकाळी साडेनऊला दिसतो. तसं परवडत नसेल तर त्यावर लक्ष ठेवणारा आणखी एक जॉब लावावा लागतो, जो कोणाच्या तरी फोनवर निरोप पाठवतो. आता तर हिशेबाची अशी वेगळी रात्रही उरलेली नाही. डिसेंबर २०१९पासून एनईएफटी चोवीस तास चालते, पुढच्या डिसेंबरपासून आरटीजीएसही. पैसे देण्याचा जॉब रविवारी मध्यरात्रीही लावता येतो.

ऑपरेटरची पाळी गेली हे वाईट झालं, असं त्या पाळीतल्या माणसाच्या घरच्यांसमोर म्हणायची माझी छाती नाही. रात्रपाळीने कित्येकांचं पचन कायमचं बिघडलं, मुलं जागी असताना बाप झोपलेला आणि बाप जागा असताना मुलं शाळेत, अशी वर्षंच्या वर्षं गेली. पण आज ज्याच्या फोनवर तो निरोप जातो, तो दुसऱ्या गावात, आपल्या घरात, एकटा उठतो. त्याला रात्रपाळीचा भत्ता असेल-नसेल, पाळी संपवून ज्याच्या हाती वही द्यावी असा माणूस समोर नसतो. जुना ऑपरेटर जागा राहत असे कारण ते त्याचं काम होतं. नवा माणूस झोपतो, पण आज झोप पुरी होईल याची त्याला खात्री नसते. ह्या दोघांत कोणाचं बरं, हे मला खरोखर ठरवता आलेलं नाही.

मुदतीच्या तगाद्यांचंही असंच काहीसं झालं. पहिल्यापहिल्यांदा सिस्टिमकडून स्मरणाचा मेल आला की माणसं दचकून काम करत. मग मेल वाढले, आणि लोकांनी ते आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय करून घेतली. जॉब तगादा पाठवतो, नियम तो उचलून बाजूला ठेवतो, आणि दोन्ही बाजूंना मशीनच असल्यामुळे कोणालाच कोणाचा संकोच वाटत नाही. मामा दारात उभे राहिले की काहीतरी उत्तर द्यावं लागायचं.

शिवाय घड्याळाला आमचं पंचांग ठाऊक नाही. आमच्या भागातल्या कितीतरी कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. मुदत मोजताना कारखान्याचं कॅलेंडर मुद्दाम जोडलं नाही, तर अठ्ठेचाळीस तास म्हणजे अठ्ठेचाळीस तास. बुधवारी संध्याकाळी पाठवलेल्या मागणीची बहुतेक मुदत शुक्रवारी लोक नुकते टेबलाशी बसताहेत तोवर सरलेली असते. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर अडकलेल्या साहेबांना मुदत टळल्याचा निरोप जातो. कॅलेंडर जोडता येतं, त्यात गुरुवार भरता येतो, विसर्जनाचा दिवसही. मात्र ते जोडायला हवं हे आठवण्यासाठी, त्या दिवशी कारखान्यात काय असतं हे माहीत असलेला माणूस मांडणीच्या वेळी खोलीत असावा लागतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण नव्या मुलांना ती उशिरा कळते. हे सगळे जॉब एका वापरकर्त्याच्या नावाने धावतात आणि तो वापरकर्ता माणूस नसतो. जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव डब्ल्यूएफ-बॅच. नोंदीत पाहावं तर तगादा लावणारा तोच. कोणी सुरक्षेच्या तपासणीत हा कोण म्हणून त्याला कुलूप लावलं, तर वर्कफ्लो जिथल्या तिथे थांबतो, आणि तगादा येत नाही म्हणजे सगळं वेळेवर चाललं आहे असं बाकीच्यांना वाटत राहतं. मामा रजेवर असले की अकरा वाजता सगळ्यांना कळायचं. म्हणून नव्याने मांडणाऱ्याला मी नेहमी सांगतो: जॉब लावलास हे पुरेसं नाही, तो शेवटचा कधी धावला हे रोज सकाळी बघणाऱ्या माणसाचं नाव मला सांग.

मंजुरीची जागाही बदलली. तेव्हा मंजुरी समासात यायची. मान्य. अमान्य. दर जास्त वाटतो, पुन्हा विचारा. आणि सगळ्यांत जास्त वेळा, चर्चा करावी. हा शेरा आला की इंडेंट घेऊन साहेबांपुढे जायचं, उभ्याउभ्या सांगायला सुरुवात करायची, मग साहेब बसायला सांगायचे. त्यात अर्धा तास जायचा आणि कधीकधी मागणीच बदलून बाहेर यायची: नवं मशीन नको, जुन्याचं स्पिंडल बदलून घ्या. आता साहेब विमानतळावर रांगेत उभे असताना मोबाइलवर बोट फिरवून वीस आयटम मंजूर करतात. वेळेत करतात, सगळे आकडे हिरवे असतात. त्यातल्या किती मागण्यांना अर्ध्या तासाची गरज होती हे कुठल्याच अहवालात दिसत नाही. अर्थात त्या जुन्या अर्ध्या तासासाठी आधी चार दिवस दाराबाहेर थांबलेलीही माणसं होती, आणि त्यात स्त्रिया, नवखे, इंग्रजीत अडखळणारे जास्त होते. त्यांना मोबाइलचं बोट बरं वाटत असेल तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

अलीकडे जुन्या खात्यातली मुलं वर्कफ्लो नव्याने मांडत होती तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी एवढंच धरून बसलो की मुदत टळल्याबरोबर आयटम वरच्या साहेबांकडे नेऊ नका. मध्ये एक पायरी घाला. आयटम ज्याच्याकडे थांबला आहे त्यालाच आधी एक चौकट दाखवा: का थांबलं आहे? तिथे जे लिहील ते मागणी करणाऱ्याला दिसू द्या. चार तासांत काही लिहिलं नाही तर मग खुशाल वर न्या. मुलं म्हणाली, काका, कोणी भरणार नाही, सगळे टिंब टाकून पुढे जातील. बरेच जण तसंच करतात, हे खरं आहे. पण सुरुवातीलाच एका चौकटीत डिझाइनवाल्याने लिहिलं की ड्रॉइंगची रिव्हिजन बदलते आहे, जुन्यावर पी.ओ. काढू नका, आणि खरेदीतल्या मुलीने ते वाचून स्वतः त्याला फोन केला. ही पायरी सगळ्या मागण्यांना लावायची की फक्त मोठ्या रकमेच्या, ह्यावर त्यांच्यात अजून वाद चालू आहे. लहान रकमेच्या मागण्यांचं कारण जास्त वेळा विचारावं लागतं, असं माझं म्हणणं आहे, आणि पुढच्या बैठकीत मी ते पुन्हा मांडणार आहे.